प्रार्थनेच्या वहीतला चौथा रकाना

परतूरकडच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या चर्चच्या मंडळीत सात वर्षांपासून दर शुक्रवारी संध्याकाळी घरोघर प्रार्थना होते. आजारी, बेकार, घरात भांडणतंटा असलेले, अशा सगळ्यांची नावं घेऊन आम्ही मध्यस्थीची प्रार्थना करतो. माझा मुलगा म्हणतो, डोळे मिटून बसण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी पडा. सासूबाई म्हणतात, काम तर जगही करतं, प्रार्थना हेच विश्वासणाऱ्याचं काम. पाळकसाहेब उपदेशात म्हणाले की प्रार्थना हे सेवेचं पाचारण, म्हणजे बोलावणं आहे. ऐकायला बरं वाटलं. पण शुक्रवारी चटईवर बसल्यावर नेमकं काय बदलायचं, ते कळत नाही."

ताई, मी तेहतीस वर्षं परिचारिकेची नोकरी केली आणि जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या भगिनी मंडळाची प्रार्थना सव्वीस वर्षांपासून चालवते आहे. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. इथे जे लिहिते आहे ते गुडघे टेकून आणि लोकांच्या दारात उभं राहून कळलेलं आहे.

आधी उत्तर सांगते, मग कारण. तुमचा मुलगा आणि तुमच्या सासूबाई दोघंही प्रार्थना आणि काम अशी दोन कामं धरून चालले आहेत आणि त्यातलं मोठं कुठलं यावर अडले आहेत. माझा अनुभव असा की ज्याचं नाव आपण देवापुढे घेतो, त्याच्याकडे देव बहुतेक वेळा आपल्यालाच धाडतो. प्रार्थनेत आपण मागत असतो तेव्हाच आपल्याला काम सांगितलं जात असतं. आमेन म्हणून लगेच चहाकडे वळलो, तर ते काम ऐकायचं राहून जातं.

हे मला एका रांजणानं शिकवलं.

२०१३ चा उन्हाळा. त्या वर्षीच्या दुष्काळात आमच्या जिल्ह्याचे हाल तुम्हाला सांगायला नकोत, तुम्हीही भोगले असणार. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर यायचा, तोही रात्री एक-दोनला. शुक्रवारची प्रार्थना त्या आठवड्यात एका म्हाताऱ्या आजींच्या घरी होती. आजी एकट्याच, कंबरेतून वाकलेल्या. आम्ही अकरा बायका होतो. तासभर पावसासाठी प्रार्थना केली. कार्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्यानं गुडघ्यांत डोकं घालून पाऊस मागितला, ते वचन वाचलं. दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. उठताना मला तहान लागली म्हणून कोपऱ्यातल्या रांजणात तांब्या घातला. तो बुडालाच नाही. तळाला नुसता खरवडल्याचा आवाज आला. आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या माय, कालपासून तेवढंच हाय."

परवा रात्रीच टँकर येऊन गेला होता. गर्दीत घागर घेऊन रेटारेटी करणं आजींना जमलं नव्हतं. आम्हा अकराजणींच्या घरी त्या वेळी ड्रम भरलेले होते. माझ्या घरचा निळा ड्रम तर वरून फडकं बांधून ठेवलेला होता. पाऊस पाडणं देवाच्या हातात होतं, पण आजींचा रांजण माझ्या हातात होता, आणि मी तासभर डोळे मिटून त्या रांजणापासून चार हातांवर बसले होते.

त्या रात्री दोघीजणींनी चार घागरी आणून ओतल्या. पावसाची प्रार्थना आम्ही काही थांबवली नाही. पुढच्या शुक्रवारपासून तिच्यात एक वाक्य वाढलं, ते असं: प्रभू, तुझा पाऊस येईपर्यंत आजींच्या रांजणाचं आमच्याकडे राहू दे. जूनमध्ये पाऊस आला तोवर रांजण एकदाही रिकामा राहिला नाही.

त्यानंतर मी शास्त्र पुन्हा वाचायला घेतलं आणि पाठ असलेल्या ओळी वेगळ्याच दिसायला लागल्या. मत्तयाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायाच्या शेवटी येशू लोकांचे घोळके पाहतो. ते मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे गांजलेले आहेत. तो शिष्यांना म्हणतो की पीक फार आहे आणि कामकरी थोडे आहेत, म्हणून पिकाच्या धन्याची प्रार्थना करा की त्यानं कामकरी पाठवावेत. उपासनेत आपण इथेच थांबतो, कारण इथे अध्याय संपतो. पण पान उलटा. दहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो त्याच बाराजणांना जवळ बोलावतो आणि त्यांनाच पाठवतो. ज्यांना प्रार्थना करायला सांगितलं, प्रार्थनेचं उत्तर म्हणून तेच निघाले.

लूकचंही तसंच. शिष्य म्हणतात, आम्हाला प्रार्थना करायला शिकवा. येशू प्रार्थना शिकवतो आणि लगेच गोष्ट सांगतो. मध्यरात्री एकजण शेजारच्या मित्राचं दार ठोठावतो आणि तीन भाकरी मागतो. आपण या गोष्टीतून चिकाटी शिकवतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो माणूस भाकरी कुणासाठी मागतो ते बघा. तो स्वतः उपाशी नाही. त्याच्या घरी अवेळी पाहुणा आला आहे आणि पुढे ठेवायला काही नाही. म्हणजे प्रार्थना कशी करावी हे सांगताना प्रभूनं जो माणूस उभा केला, तो दुसऱ्याच्या भुकेसाठी झोपमोड करून घराबाहेर पडलेला आहे. भाकरी मिळाल्यावर ती घेऊन परत घरी जाऊन वाढायचीही त्यालाच आहे. आणि याच्या अगदी आधीच्या अध्यायात चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. तिथे मंदिराच्या सेवेतला याजक आणि लेवी रस्त्यावरचा घायाळ माणूस पाहून बाजूनं निघून जातात, आणि परका मानलेला शोमरोनी थांबून त्याची काळजी घेतो.

आपल्या पैठणची गोष्ट तर इथल्या लेकरांनाही ठाऊक असते. काशीहून रामेश्वराला वाहायला आणलेली गंगेची कावड एकनाथ महाराजांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. संडे स्कूलमध्ये मी ही गोष्ट सांगते. एकदा कुणी तरी विचारलं, ख्रिस्ती मुलांना ही कशाला? मी म्हटलं, गोदाकाठच्या मुलांना हे आधीपासून कळतं, म्हणून शोमरोन्याची गोष्ट त्यांना लवकर समजते.

आता 'आमची' या शब्दाकडे येते. माझ्या मते सगळं उत्तर त्यातच आहे.

प्रभूची प्रार्थना आपण रोज म्हणतो. हे आमच्या स्वर्गातील पित्या. आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. आमची ऋणे आम्हाला सोड. आरंभापासून शेवटपर्यंत त्यात 'मी' आणि 'माझं' कुठेच नाही. खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर असं सांगणारा प्रभू पुढे शब्द मात्र अनेकवचनी देतो. दार लावून एकटी बसले तरी म्हणायचं 'आम्हाला'च. आणि आपल्या मराठीत 'आम्ही' म्हटलं की लगेच मनात येतं, हे 'आम्ही' म्हणजे कोण कोण?

१९९३ चा ३० सप्टेंबर. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपेत, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं बसली. जाड दगडामातीच्या भिंती आणि वर माळवदाचं ओझं. उन्हाळ्यात गारवा देणारी घरं माणसांवरच आली. मी तेव्हा तरुण होते. पथकाबरोबर मलमपट्टीला गेले. तिसऱ्या दिवशीची गोष्ट. पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिचा हात मोडलेला होता, पण ती हाताबद्दल बोलत नव्हती. मी हाताला खपाट्या बांधत होते. तिनं दुसऱ्या हातानं माझ्या साडीचा काठ घट्ट धरला आणि सोडेना. मला बोलायला एक शब्द सुचेना. मनातल्या मनात प्रार्थना करावी म्हणून सुरुवात केली, 'हे आमच्या', आणि तिथेच अडकले. त्या दिवसापर्यंत माझ्या 'आमच्या'मध्ये माझं घर होतं, माझी मंडळी होती, फार तर माझ्या वॉर्डातले रुग्ण होते. ही बाई माझ्या गावची नव्हती, माझ्या धर्माची नव्हती, तिचं नावही मला माहीत नव्हतं. पण ती माझा काठ धरून बसली होती आणि तिला वगळून मला पुढचा शब्द म्हणता येईना. तिच्यासकट म्हटलं तेव्हा प्रार्थना पुढे सरकली. भाकरीच्या ओळीशी आले तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून हिला कुणी खायला दिलेलं नाही. उठले आणि खिचडीच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

म्हणून ताई, शुक्रवारी पहिला बदल हा करा. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा. 'आमची रोजची भाकर' म्हटल्यावर थांबा. मिनिटभर गप्प बसा. आपल्या गल्लीत आज कुणाची चूल पेटली नसेल, ते प्रत्येकीनं आठवायचं. सुरुवातीला ही शांतता अवघडल्यासारखी वाटते, बायका खोकतात, पदर सारखा करतात. महिनाभरात सवय होते.

दुसरा बदल वहीचा. तुमच्याकडे नावांची यादी आहे असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही होती. त्यात तीन रकाने होते: तारीख, नाव, विनंती. रांजणाच्या त्या उन्हाळ्यानंतर आम्ही चौथा रकाना आखला, 'कोण जाणार'. ज्या बहिणीनं एखाद्याचं नाव प्रार्थनेत घेतलं, तिनं पुढच्या शुक्रवारच्या आत त्या घरी जाऊन यायचं. देणं-घेणं नंतर. आधी नुसतं जायचं, बसायचं, पाहायचं, ऐकायचं. आल्यावर सांगायचं की तिथे खरोखर काय हवं आहे. जाणारं कुणी नसेल तर नाव वहीत लिहायचं नाही, असा आम्ही नियमच केला. पहिल्या महिन्यात यादी चाळीस नावांवरून नऊवर आली. काहीजणी नाराज झाल्या. पण त्या नऊजणांचं पुढे काय झालं ते आम्ही सांगू शकतो. आधीच्या चाळिसांचं सांगता आलं नसतं.

जाऊन पाहिल्यानं प्रार्थनाच बदलते. एक विधवा बहीण आमच्या वहीत अकरा महिने होती. 'हिला आधार दे' एवढंच आम्ही म्हणत होतो. चौथ्या रकान्यात एकीचं नाव पडलं, ती जाऊन बसली, तेव्हा कळलं की संजय गांधी निराधार योजनेत तिला महिन्याला पैसे मिळू शकतात, पण नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला नाही. दोघं कोयता घेऊन ऊसतोडीला गेले होते आणि तिकडेच, पश्चिम महाराष्ट्रात, नवरा वारला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथल्या कार्यालयात होते. नोंद झालेली होती, पण दाखला आणायला कुणी गेलंच नव्हतं. तिला वाटत होतं की तो इथल्या ग्रामपंचायतीत मिळेल आणि इथे तिला दर वेळी परत पाठवत होते. आमच्या युवक संघातला एक मुलगा एसटीनं जाऊन दाखला घेऊन आला. मग उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, तहसीलच्या चार खेपा. आज या योजनेत तिला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. तेवढ्यात संसार चालत नाही, पण तिच्या हातात स्वतःचे पैसे आले.

बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक मला याच कारणासाठी फार आवडतं. नहेम्या दूरदेशी परक्या राजाच्या चाकरीत होता. यरुशलेमेचा कोट पडलाय हे कळल्यावर तो बसून रडला, उपास केला, प्रार्थना केली. यहुदी पंचांगातल्या किसलेव महिन्यापासून निसानपर्यंत, म्हणजे चारेक महिने. मग राजानं विचारलं, तुला काय हवं? तो मनात प्रार्थना करतो आणि लगेच ठोस मागतो: नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना द्यायला पत्रं, आणि राजाच्या वनाच्या रखवालदाराला पत्र, लाकूड मिळावं म्हणून. पोचल्यावर रात्री, गाजावाजा न करता, कोट कुठे कुठे पडलाय ते स्वतः फिरून पाहतो. चार महिने प्रार्थना केलेल्या माणसाला नेमकी कोणती कागदपत्रं लागतील ते माहीत होतं. दाखला आणायला गेलेल्या त्या मुलाला एसटी स्टँडवर निरोप देताना आम्ही हेच वचन वाचलं होतं.

आजारपणाबद्दल मात्र मी परिचारिका म्हणून कडक शब्दांत लिहिते, कारण प्रार्थनेच्या गटांत इथे मोठी चूक होते. प्रार्थना करून कुणाच्याही गोळ्या बंद करायच्या नाहीत. क्षयरोगाचं नेहमीचं औषध सहा महिन्यांचं असतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगावर मांस येतं, आणि माणूस साक्ष देतो की प्रभूनं बरं केलं, आता गोळ्या कशाला? तिथेच आजार पुन्हा उलटतो आणि औषधाला दाद देईनासा होतो. प्रभूनं बरं केलं हे मीही मानते. त्या गोळ्यांतूनच करतो आहे, म्हणून सहाही महिने पुरे करायचे. चौथ्या रकान्यातल्या बहिणीचं काम इथे सोपं आहे: रोज संध्याकाळी जायचं, गोळी घेतली का विचारायचं, दोन ओळींची प्रार्थना करायची. निक्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यावर मिळतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते. ते येतात का, बँकेचं खातं जोडलंय का, हेही तिनंच बघायचं. साप चावला, छातीत कळ आली, बाळंतिणीला झटके आले, तर आधी १०८ ला फोन आणि प्रार्थना गाडीत बसून.

कर्जापायी ज्या घरातला माणूस गेला, त्या घरी जाण्याबद्दल वेगळं सांगते. पहिल्या तेरा दिवसांत गर्दी असते, पुढारी येतात, फोटो होतात. तुम्ही दीड महिन्यानं जा. पेरणीच्या तोंडावर जा, कारण बियाणं कुणी आणायचं हा प्रश्न तेव्हा त्या बाईपुढे पहिल्यांदा एकटीवर येतो. वचनं ऐकवू नका. आत्महत्या पाप आहे की नाही, यावर त्या घरात कुणीही एक अक्षर काढायचं नाही. ती बोलेल ते ऐका. घरातलं कुणी 'आता जगून काय करू' अशा भाषेत बोललं, तर त्याला एकटं सोडू नका आणि टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या नंबरवर तिथूनच फोन लावून द्या. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आमच्या भागात ही रीत नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभी केली. बेथेल म्हणजे देवाचं घर. नावात प्रार्थना होती आणि प्रत्यक्षात होतं ते गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांसाठी राहायला आणि कसायला गाव. पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुली-बायकांना घेऊन आल्या, केडगावला त्यांच्यासाठी घर उभं केलं. पुढे १९०५ मध्ये त्याच केडगावात प्रार्थनेची जी जागृती झाली तिच्याबद्दल आपण सभांमधून खूप बोलतो. ती जागृती ज्या मुलींमध्ये झाली त्यांच्यातल्या कितीतरी दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या, हे सोबत सांगायला विसरतो.

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमच्या हातून ती होणार नाही. माझ्याबरोबर काम करणारी एक बाई होती. तिच्या नवऱ्याचं पिणं वाढलंय हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी तिच्यासाठी जवळजवळ दोन वर्षं रोज सकाळी प्रार्थना केली. खंड पडू दिला नाही. पण तिच्याशी कामापलीकडे कधी बोलले नाही. मला वाटायचं, खासगी गोष्ट आहे, आपण कशाला विचारा. एक दिवस ती माहेरी निघून गेली ती परत आलीच नाही. पुढे भेटली तेव्हा मी म्हटलं, मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करत होते. ती म्हणाली, "एकदा विचारलं असतं ना, तर मी सगळं सांगितलं असतं. सांगायला कुणीच नव्हतं." दोन वर्षं देव रोज सकाळी मला तिचं नाव देत होता आणि मी ते रोज त्याला परत करत होते.

याच्या उलटही एक खड्डा आहे, आणि तो तुमच्या मुलाला सांगा. २०१६ साली, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात, आम्ही पाणीवाटपात इतक्या गुंतलो की शुक्रवारची प्रार्थना बंद पडली. कामच प्रार्थना आहे, असं मीच म्हणाले होते. दोन महिन्यांत माझा स्वभाव बदलला. कोण किती खेपा करतं, कोण नुसतं मिरवतं, याचा हिशेब मी ठेवायला लागले. एका म्हातारीनं पाणी घेताना आभार मानले नाहीत म्हणून मला राग आला. पाण्यासाठी! त्या संध्याकाळी मी आपण होऊन सगळ्यांना बोलावलं आणि आम्ही पुन्हा चटईवर बसलो. मार्कच्या पहिल्या अध्यायात येशूनं आदल्या संध्याकाळी दारात जमलेल्या कितीतरी आजाऱ्यांना बरं केलंय. तरी तो पहाटे, अंधार असताना, उठून एकांतात जातो आणि प्रार्थना करतो. त्याचा शिष्य शिमोन शोधत येतो आणि म्हणतो, सगळे तुला शोधताहेत. आपण असतो तर गर्दीकडे धावलो असतो. तो म्हणतो, चला, आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ. कुठल्या हाकेला जायचं आणि कुठल्या नाही, हे त्याला त्या अंधारात कळलेलं असतं. त्याच अध्यायाच्या शेवटी तो कुष्ठरोग्याला हात लावतो. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं इथे खरं आहे. प्रार्थनेवाचून सेवा केली की ज्याची सेवा करतो तो माणूस दिसेनासा होतो आणि आपणच आपल्याला दिसायला लागतो.

मग ऐन प्रार्थनेच्या वेळी कुणी दार वाजवलं तर? सतराव्या शतकात फ्रान्समध्ये संत विन्सेंट डी पॉल गरिबांची सेवा करणाऱ्या भगिनींना हेच सांगत. प्रार्थनेच्या वेळी गरिबाची हाक आली तर उठून जा, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही देवाला सोडून देवाकडेच जात आहात. मी आमच्या बायकांना एवढंच जोडून सांगते की परत आल्यावर राहिलेली प्रार्थना पुरी करा.

तीन गोष्टी कटाक्षानं पाळा. पहिली, मदतीला अट नको. प्रार्थनेला या म्हणजे डबा देतो, असं तोंडातून कधी निघता कामा नये आणि मनातही असू नये. प्रभूनं दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, एकच परत आला, म्हणून बाकीच्या नऊजणांचं आरोग्य काढून घेतलं नाही. दुसऱ्या धर्माच्या घरी गेलात तर विचारा, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? नको म्हणाले तर भांडी घासून या, प्रार्थना घरी येऊन करा. दुसरी, फोटो नको. व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. आणि तिसरी, प्रार्थनेच्या नावाखाली कुणाचं गुपित चटईवर यायला नको. 'अमकीच्या सुनेसाठी प्रार्थना करा, तिचं काय चाललंय तुम्हाला माहीतच आहे' ही प्रार्थना नाही. आम्ही वहीत नाव लिहितो ते त्या माणसाला विचारून, आणि विनंतीच्या रकान्यात तो म्हणेल तेवढंच.

ज्या सासूबाईंना उठवत नाही, चालवत नाही, त्यांचं काय, असं तुमच्या मनात येईल. रांजणवाल्या आजी पुढे दोन वर्षं अंथरुणाला होत्या. चौथ्या रकान्यात त्यांचं नाव कसं घालायचं, हा आमच्यापुढे प्रश्न होता. त्यांनीच तो सोडवला. म्हणाल्या, माझ्याकडं फोन हाय की. रोज दुपारी त्या आमच्या वहीतल्या तीन घरी फोन लावायच्या, नातवंडांची चौकशी करायच्या, शेवटी म्हणायच्या, देव हाय माय, जेवून घ्या. ऊसतोडीला गेलेल्या एका जोडप्याची तीन लेकरं मागं आजोबांजवळ होती. त्यातल्या धाकट्याला दोन दिवस ताप आहे, हे सगळ्यात आधी अंथरुणातल्या आजींना कळलं, फोनवर त्याचा आवाज ऐकून. आजी गेल्यावर तो मुलगा फुलं घेऊन आला होता. त्यानं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

तर येत्या शुक्रवारी एवढंच करा. जुनी यादी बाजूला ठेवा. तीनच नावं घ्या, आणि प्रत्येक नावापुढे जाणारीचं नाव लिहिल्याशिवाय आमेन म्हणू नका. एक नाव तुमच्या मुलाला द्या, एक सासूबाईंना. वही मात्र दोनशेपानी घ्या. आम्ही पहिल्यांदा शंभरपानी घेतली होती, ती दिवाळीपर्यंतही पुरली नाही.